हातचा न धरता

पंधरा दिवसांचे काम आहे, असे सांगून ऑगस्ट १९२० मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला लंडनच्या एका सरकारी कचेरीकडे उसने दिले गेले. रशियन भाषेतल्या तारांचा ढीग साचला होता, भाषांतराला माणसे पुरत नव्हती आणि हा गडी नुकताच रशियन शिकून तयार झाला होता. ढीग उपसून झाला की त्याने आपल्या पलटणीत परत जायचे, एवढाच व्यवहार. तो परत गेला नाही. १९८० साली, वयाच्या ८६व्या वर्षी त्याने पेन्सिल खाली ठेवली तेव्हा त्या पंधरवड्याची साठ वर्षे झाली होती.

जॉन हेसेल टिल्टमन. आपल्याकडे हे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जिथे शत्रूचे संकेत फोडले ते ब्लेचली पार्क म्हटले की अॅलन ट्युरिंग आठवतो, जर्मनांचे एनिग्मा यंत्र आठवते, फार तर एखादा सिनेमा आठवतो. पण ब्लेचलीतल्या जाणत्यांना कागद-पेन्सिलीने संकेत फोडणारा सर्वांत मोठा माणूस कोण असे विचारले असते, तर बहुतेकांनी याच ब्रिगेडियरकडे बोट दाखवले असते. हा माणूस घडला कुठे, तर सिमल्यात. इंग्रजीतल्या पुस्तकांमध्ये सिमल्याची ती वर्षे एका परिच्छेदात उरकलेली असतात. मला मात्र वाटते, पुढचे सगळे तिथेच ठरले.

जन्म १८९४ चा, लंडनचा. वडील वास्तुविशारद. भाऊ पुढे विमानांचा आरेखक झाला आणि कादंबरीकार नेव्हिल शूट याच्या जोडीने त्याने एअरस्पीड नावाची विमान कंपनी काढली. जॉनची बुद्धी अशी की तेराव्या वर्षीच ऑक्सफर्डने त्याला जागा देऊ केली; घरच्या परिस्थितीमुळे ती घेता आली नाही. नंतरही तो कधी विद्यापीठात गेला नाही. तीन वर्षे शाळामास्तरकी केली, १९१४ ला युद्ध पेटले तसा स्कॉटिश सरहद्दीवरच्या एका पलटणीत दाखल झाला. १९१७ साली फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत छातीला जबर जखम झाली, मिलिटरी क्रॉस मिळाला. मग काही काळ सैबेरियात, मग रशियन भाषेचा अभ्यास आणि मग तो पंधरवडा.

त्या कचेरीत त्याला भेटला अर्न्स्ट फेटरलाइन. हा झारच्या सरकारचा नावाजलेला संकेतभेदी. क्रांतीनंतर पळून इंग्लंडला आलेला. झारने दिलेली माणकाची अंगठी बोटात घालून तो आता झारनंतरच्या रशियाच्या तारा ब्रिटिशांसाठी फोडत बसे. टिल्टमनने त्याचे काम पाहिले आणि त्याचा पिंडच बदलला. सव्वीस वर्षांच्या, शरीराने दुखावलेल्या अधिकाऱ्याला कळले की लढाईचा आणखी एक प्रकार असतो, आणि तो खुर्चीत बसून लढता येतो. (पुढे तो खुर्चीतही बसला नाही. उंच मेज करून घेऊन उभ्यानेच काम करायची त्याला सवय होती.)

१९२१ साली त्याला हिंदुस्थानात धाडले गेले.

सिमल्याला लष्कराच्या मुख्यालयात संकेत फोडणारा एक छोटा विभाग पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून होता. माणसे किती? पाच-सहाच्या वर कधी गेली नाहीत. प्रमुख कर्नल जेफरी. काम जवळजवळ एकच: मॉस्को, काबूल आणि ताश्कंद या तीन ठिकाणांमध्ये जे रशियन संदेश बिनतारी यंत्रावरून उडत, ते जमतील तितक्या ताजेपणी वाचायचे. वायव्य सरहद्दीवरच्या चौक्यांत तारायंत्री कानाला हेडफोन लावून मोर्सचे कट्ट-कडकट्ट कागदावर उतरवत, ते कागद सिमल्याला येत आणि तिथे या मूठभर माणसांची झटापट सुरू होई.

झटापट कशाशी, ते समजून घ्यायला हवे. रशियनांची पद्धत दुपदरी होती. आधी एक संकेतकोश. त्यात प्रत्येक शब्दासाठी किंवा वाक्प्रयोगासाठी एक आकडा. तो कोश शत्रूच्या हाती लागला तरी बिघडू नये म्हणून वर दुसरा पदर: त्या प्रत्येक आकड्यात एका लांबलचक यादीतला एकेक आकडा मिळवायचा. ही बेरीज शाळेतल्यासारखी नाही, हातचा न धरता करायची. समजा, 'सोने' या शब्दाचा आकडा ४७८३२ आणि यादीतला आकडा ६५३९४. चार आणि सहा दहा, लिहायचे शून्य. सात आणि पाच बारा, लिहायचे दोन. असे करत उत्तर येते ०२१२६. हवेत जातो तो हा आकडा. पुढच्या वेळी 'सोने' आले तर यादीतला आकडा वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे. फोडणाऱ्याने काय करायचे? एकाच यादीचा तोच तुकडा दोनदा-तीनदा वापरला गेलेले संदेश हुडकायचे, ते एकाखाली एक मांडायचे, वजाबाक्या करत राहायचे, आणि कुठेतरी तेच अंतर पुन्हा दिसले की तिथे नख रोवायचे. शेकडो वजाबाक्यांतून एक धागा निघतो. मग यादी उलगडते, मग कोशातला एकेक शब्द भाषेच्या अंदाजाने बसवावा लागतो. तोवर पलीकडच्यांनी यादी बदललेली असते.

टिल्टमनने उतारवयात काही आठवणी लिहिल्या. त्यात सिमल्याबद्दल तो कृतज्ञतेने लिहितो. सरहद्दीवरच्या तारायंत्र्यांना हुरूप देण्यापासून कुठले केंद्र कुणाशी किती बोलते याची टिपणे ठेवण्यापर्यंत, नवी पद्धत ओळखण्यापासून यादी सोलून काढण्यापर्यंत, कोश रचायचा, भाषांतर करायचे आणि शेवटी या संदेशाचा अर्थ काय यावर सेनाधिकाऱ्यांशी वाद घालायचा, ही सगळी कामे त्याने तिथे स्वतः केली. असा योग फार थोड्यांना आला, असे त्याचे म्हणणे. ते खरेच आहे. ब्लेचलीत पुढे हजारो माणसे कामाला लागली. एकजण ऐकायचा, दुसरी टाइप करायची, तिसरा फोडायचा, चौथा अर्थ लावायचा, आणि शेजारच्या खोलीत काय चालते ते विचारायची बंदी. त्या गर्दीत सगळी साखळी स्वतःच्या हाताखालून गेलेली माणसे मोजकीच होती.

पण आपण मराठी वाचक हे वाचताना आणखी एक प्रश्न विचारणारच: हा साहेब वाचत होता ती गुपिते होती कुणाबद्दलची? १९२० च्या ऑक्टोबरात मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदला कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली, हिजरतीत, म्हणजे ब्रिटिश राज्य सोडून मुस्लिम मुलखात जाण्याच्या चळवळीत, घर सोडून गेलेल्या तरुणांना तिथे लष्करी शिक्षण दिले जात होते. काबूलला सोव्हिएत वकील रास्कोल्निकोव्ह होता आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांना पैसा-हत्यारे पोचवायची बोलणी तिथून चालत. ब्रिटिशांना धास्ती होती ती या वाटेने येणाऱ्या माणसांची आणि विचारांची. १९२४ च्या कानपूर खटल्यात श्रीपाद अमृत डांगे यांना चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली आणि मुंबईच्या गिरणगावातून डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, अधिकारी, आळवे, कसले अशी माणसे उचलली गेली. या खटल्यांत न्यायालयासमोर आली ती मुख्यतः टपालात फोडलेली पत्रे आणि झडतीतली कागदपत्रे. बिनतारी संदेश फोडणारे विभाग आपला माल न्यायालयाच्या दारात कधीच नेत नसत. तेव्हा टिल्टमनने डांग्यांना तुरुंगात धाडले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण एकाच पहाऱ्याचे हे दोन कान होते. त्याच्या बुद्धीचे कौतुक करताना ती कुणाच्या चाकरीत होती, हे झाकून ठेवायचे कारण नाही. कौतुक त्यामुळे कमी होत नाही. फक्त ते निखळ राहत नाही.

या धंद्यात एक पेच कायमचा असतो. गुपित कळले, आता ते वापरायचे की जपायचे? वापरले तर पलीकडच्याला कळते की आपले कुलूप फुटले. मे १९२३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांनी सोव्हिएत सरकारला निर्वाणीचा खलिता धाडला आणि त्यात त्यांच्याच पकडलेल्या तारांतली वाक्ये त्यांच्या तोंडावर फेकली. काबूलच्या रास्कोल्निकोव्हचेही वाभाडे काढले. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेल्या माणसाला हा मोह आवरला नाही. चार वर्षांनी याहून वाईट झाले. मे १९२७ मध्ये पंतप्रधान बाल्डविन यांनी रशियाशी संबंध तोडण्याचे समर्थन करताना भर पार्लमेंटात फोडलेल्या तारा वाचून दाखवल्या. भाषण गाजले. सोव्हिएत राजनैतिक खात्याने शांतपणे यादी बदलण्याऐवजी पद्धतच बदलली: यादीचे प्रत्येक पान एकदाच वापरायचे आणि जाळून टाकायचे. नीट वापरली तर ही पद्धत कुणालाही फोडता येत नाही. फेटरलाइनची विद्या एका दुपारच्या टाळ्यांसाठी निकामी झाली.

आपल्या वाचकांना यावरून ११ जून १९९९ आठवेल. कारगिल चालू असताना जनरल मुशर्रफ बीजिंगहून रावळपिंडीतल्या लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले, ते संभाषण भारताने पकडले आणि पत्रकार परिषदेत जगजाहीर केले. पाकिस्तानी लष्कराचा हात जगाला दिसला, हा फायदा मोठा होता. पण तो फोन त्या दिवसापासून मुका झाला, अशी हळहळ गुप्तवार्तेतली माणसे नंतर वर्षानुवर्षे करत राहिली. माझ्या मते कारगिलच्या वेळचा सौदा बाल्डविनच्या सौद्यापेक्षा शहाणपणाचा होता, कारण तिथे युद्ध चालू होते आणि जगाचे मत त्याच आठवड्यात वळवायचे होते. बाल्डविन यांना फक्त वादविवाद जिंकायचा होता.

१९२९ साली टिल्टमन लंडनला परतला आणि त्याच्याकडे लष्करी संदेशांचा नवा विभाग आला. १९३० च्या दशकात त्याने मॉस्कोतून युरोपभरच्या कम्युनिस्ट पक्षांना जाणारे कॉमिंटर्नचे, म्हणजे कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेचे, संदेश फोडले. त्यांचे लंडनमधले गुप्त प्रक्षेपण यंत्र विम्बल्डनला सापडले, ते शोधणाऱ्यांत लेस्ली लॅम्बर्ट होता, जो ए. जे. अॅलन या टोपणनावाने बीबीसीवर गोष्टी सांगून घराघरांत पोचला होता. श्रोत्यांना त्याच्या दुसऱ्या उद्योगाचा पत्ताही नव्हता. जपानी लष्कराच्या संकेतांकडे टिल्टमन याच काळात वळला, स्वतःच झगडून लिखित जपानी कामापुरती शिकला. १९३९ च्या जूनमध्ये जपानी आरमाराने नवा पाच आकडी संकेत सुरू केला, ज्याला पुढे जेएन-२५ हे नाव पडले. टिल्टमनने पाहिले तर तोच जुना दुपदरी घाट: कोश, आणि वर हातचा न धरता केलेली बेरीज. काबूलच्या तारांवर आठ वर्षे घासलेल्या नजरेला तो काही महिन्यांत ओळखता आला. याच संकेताच्या पुढच्या आवृत्तीवर अमेरिकन आरमाराच्या माणसांनी हवाईत रात्रंदिवस काम केले आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. मिडवेचे श्रेय त्या अमेरिकनांचेच. पण त्या कुलपाचा घाट सर्वांत आधी ओळखणारा डोळा सिमल्यात तयार झालेला होता.

युद्धाच्या तोंडावर सगळी कचेरी ब्लेचलीच्या वाड्यात हलली. लष्करी माणूस असून टिल्टमन लष्करी थाटाला कंटाळलेला. विल्यम फिल्बी नावाचा एक शिपाई १९४० मध्ये त्याच्यापुढे पहिल्यांदा हजर झाला, टाचा आपटून कडक सलाम ठोकला. टिल्टमनने त्याच्या पायांकडे पाहिले आणि हे मेले बूट घालायलाच हवेत का, अशी विचारणा केली. त्यानंतर फिल्बी गणवेशाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हिंडू लागला, आणि इतर अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. टिल्टमन स्वतः पलटणीच्या चौकड्यांची विजार घालून त्या उंच मेजापाशी उभा असे.

आता ३० ऑगस्ट १९४१. जर्मन लष्कराने वरिष्ठ सेनापतींच्या संदेशांसाठी मोर्स सोडून टेलिप्रिंटर वापरायला सुरुवात केली होती. त्याला जोडलेले लॉरेन्झ नावाचे यंत्र प्रत्येक अक्षरात आपोआप एकेक किल्ली-अक्षर मिसळायचे. एनिग्मापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे, आणि ब्रिटिशांनी ते यंत्र पाहिलेही नव्हते. त्या दिवशी अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून उत्तर आले: नीट मिळाला नाही, पुन्हा पाठवा. अथेन्सच्या तारायंत्र्याने यंत्राची चाके पहिल्या जागी परत फिरवली, जे करायला सक्त मनाई होती, आणि तोच मजकूर पुन्हा टाइप करायला घेतला. तेवढे करून त्याने मजकूर तंतोतंत तसाच ठेवला असता तरी काही बिघडले नसते. पण चार हजार अक्षरे दुसऱ्यांदा बडवायची म्हटल्यावर कुणालाही येईल तसा त्याला कंटाळा आला. पहिल्या वेळी 'संदेश क्रमांक' हा जर्मन शब्द त्याने पूर्ण लिहिला होता, दुसऱ्या वेळी संक्षेप केला. पुढेही जिथे जमेल तिथे अक्षरे वाचवली.

इथे टेलिप्रिंटरची बेरीज कामाला येते. या यंत्रात तीच किल्ली दोनदा मिळवली की ती नाहीशी होते. म्हणजे दोन्ही सांकेतिक संदेश एकमेकांत मिळवले की किल्ली गळून पडते आणि उरते ती दोन मूळ मजकुरांची बेरीज. मजकूर एकच असता तर उरले असते शून्य. पण दुसरा मजकूर संक्षेपामुळे काही अक्षरे पुढे सरकला होता, तोच मजकूर स्वतःच्याच सावलीवर थोडा तिरका पडावा तसा. टिल्टमनने एका जागी जर्मन शब्द कल्पून बसवला, बेरजेतून दुसऱ्या जागी काय निघते ते पाहिले. निघालेले जर्मन वाटले तर पुढे, नाही तर खोडरबर. असे दहा दिवस. शेवटी दोन्ही मजकूर संपूर्ण हाती आले, आणि मजकुराहून मोलाची गोष्ट: किल्लीची जवळजवळ चार हजार अक्षरे, शुद्ध.

या किल्लीचे काय करायचे, ते पुढच्यांना सुचेना. काही आठवडे ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरली आणि ऑक्टोबरात टिल्टमनच्या संशोधन विभागातल्या विल्यम टट या चोविशीतल्या, अबोल केंब्रिजकराच्या वाट्याला आली. त्याने ती चौकटींच्या कागदावर ५७५ च्या ओळींत मांडून पाहिली, तिरप्या रेषेत काही नक्षी उमटते असे वाटले, म्हणून ५७४ ची ओळ घेतली, आणि मग ४१ ची. ४१ दात्यांचे एक चाक! तिथून जानेवारी १९४२ पर्यंत, न पाहिलेल्या यंत्राची बाराही चाके, त्यांच्या दात्यांच्या संख्येसकट, कागदावर उभी राहिली. या पायावर पुढे टॉमी फ्लॉवर्सने कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधले. खरे लॉरेन्झ यंत्र ब्रिटिशांच्या नजरेला पडले ते युद्ध संपता संपता. टटची करामत थोर होतीच. पण त्याच्या पुढ्यात ठेवायला चार हजार अक्षरे होती, कारण आधी एका पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने दहा दिवस खोडरबर झिजवले होते.

याच सुमाराला जपान युद्धात उतरला आणि जपानी येणारी माणसे ब्रिटनमध्ये बोटांवर मोजण्याएवढी निघाली. विद्यापीठातल्या पंडितांनी सांगितले, भाषा शिकवायला वर्षे लागतील. टिल्टमन स्वतः शिकलेला; तो म्हणाला, सहा महिने पुरतील. बेडफर्डला फेब्रुवारी १९४२ मध्ये वर्ग सुरू झाला. विद्यार्थी बहुतेक लॅटिन-ग्रीकवाले विद्यापीठीय तरुण, आणि शिक्षक ऑस्वल्ड टक हे आरमारातले निवृत्त गृहस्थ, तेही जपानी आपले आपण शिकलेले. पंडित खोटे ठरले. इथली पोरे जिथे जिथे धाडली गेली त्यातले एक ठिकाण म्हणजे दिल्लीचे आनंद पर्वत. तिथल्या रामजस कॉलेजच्या इमारतींत 'वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर' असे निरुपद्रवी नाव लावून ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेचे संदेश फोडले जात. बेडफर्डला शिकलेल्या अॅलन स्ट्रिप याने त्या दिल्लीवर पुढे पुस्तक लिहिले आहे. करोलबागेला खरेदीला जाणाऱ्या आपल्या माणसांना जवळच्या त्या टेकडीचा हा पूर्वेतिहास क्वचितच ठाऊक असेल.

१९४२ च्या वसंतात टिल्टमन अमेरिकेला गेला. एनिग्माबाबत ब्रिटिश हातचे राखून वागतात, अशी तिथल्या आरमाराची तक्रार होती. त्याने ती खरी मानली आणि माहिती मोकळी करावी म्हणून लंडनला कळवले. याच भेटीत विल्यम फ्रीडमन या अमेरिकन संकेतभेदींच्या कुलगुरूशी त्याची मैत्री जडली. युद्धानंतर वयाची साठ वर्षे उलटली तरी ब्रिटिश सरकारने त्याला सोडले नाही. १९६४ ला, सत्तरीत, सोडले तर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ठेवून घेतले. तिथे सगळे त्याला नुसते 'ब्रिग' म्हणत. एव्हाना काम गणकयंत्रांकडे गेले होते, पण यंत्र अडले की कागद ब्रिगकडे जाई.

फ्रीडमनने १९५० च्या सुमारास त्याला एका हस्तलिखिताची काही पाने दिली होती. व्हॉयनिच हस्तलिखित: अनोळखी लिपी, कुणी न पाहिलेल्या वनस्पतींची चित्रे, चर्मपत्र पंधराव्या शतकातले. टिल्टमन या पानांशी सवडीने झुंजत राहिला. शब्दांत ठरावीक सुरुवाती आणि ठरावीक शेवट कसे जोडले जातात, हे त्याने टिपले. पण आपण ते वाचले असे म्हणत दर काही वर्षांनी कुणी ना कुणी पुढे येई, त्यांचे दावे तपासून बाद करणे हा त्याच्या वाट्याला आलेला मोठा उद्योग होता. १९६७ च्या लेखात त्याने सरळ लिहिले की उत्तर आपल्याकडे नाही. १९७५ मधल्या त्याच्या व्याख्यानावरून मेरी डी'इम्पेरिओ या सहकारिणीला नाद लागला आणि तीन वर्षांनी तिने या विषयावरचे आजही आधाराला घेतले जाणारे पुस्तक लिहिले.

ऑगस्ट १९८२ मध्ये तो हवाईत वारला. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या सन्मान दालनात त्याचे नाव लावले. तोवर तिथे एकाही परदेशी माणसाला जागा मिळालेली नव्हती. लॉरेन्झ कसे फुटले याचा ब्लेचलीतल्या माणसांनी १९४५ सालीच लिहून ठेवलेला जाडजूड अहवाल ब्रिटनने २००० साली खुला केला. सिमल्याच्या त्या काळात लंडनच्या कचेरीने फोडलेल्या परकीय तारांचे गठ्ठे लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काबूल, ताश्कंद आणि हिंदुस्थानातले क्रांतिकारक यांच्यावर मराठीत जे लिहिले गेले ते बहुतेक खटल्यांच्या कागदपत्रांवरून आणि आत्मचरित्रांवरून. पहारेकऱ्याचा कान काय ऐकत होता ते तिथे बसून वाचणारा संशोधक आपल्याला अजून हवा आहे.